हाऊ अंगठा मनाच शे!

शिरपूरहून शहाद्याच्या दिशेने निघालं की शेजारच्या तालुक्यात टेंभली नावाचं गाव आहे. नंदुरबार जिल्ह्याबाहेर या गावाचं नाव कोणी घेत असेल, तर ते सोयरीक जुळवताना. पण २९ सप्टेंबर २०१० रोजी तिथे पंतप्रधान मनमोहन सिंग आले, सोनिया गांधी आल्या, आणि देशातला पहिला आधार क्रमांक टेंभलीच्या रंजना सोनवणे यांना देण्यात आला. बारा आकडे, दहा बोटं, दोन डोळे आणि एक फोटो. तेव्हापासून स्पर्धा परीक्षेच्या गाईडांमध्ये टेंभली कायमची वस्तीला गेली.

त्याआधी टेंभलीत कोणी कोणाला ओळखत नव्हतं असं मुळीच नाही. खानदेशातल्या गावात ओळखीचा तुटवडा कधीच नसतो, झाला तर जाचच होतो.

शिरपूर तालुक्यातल्या एखाद्या गावी परका पोरगा एसटीतून उतरला, की पारावर बसलेले आबा विचारतात, "तू कोना पोऱ्या शे रे?" हा प्रश्न फक्त उपचारापुरता. पोरगा तोंड उघडायच्या आत आबांनी नाकावरून कूळ, चालीवरून आजोबा आणि खोकण्यावरून बिडीची सवय ताडलेली असते. शास्त्राच्या भाषेत सांगायचं तर चेहरा, चाल आणि आवाज अशा तीन वेगवेगळ्या बायोमेट्रिक तपासण्या एका दमात उरकल्या. चालण्याच्या ढबीवरून माणूस ओळखण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा कॅमेरे लावून बसल्या आहेत. आबा ही सेवा लोडशेडिंगमध्येही देतात. त्यांच्या यंत्रणेत दोष एकच. ती ओळख पटवून थांबत नाही. पोराच्या चुलत्याने बहात्तरच्या दुष्काळात नेलेली आणि परत न केलेली ज्वारीही तिच्यात नोंदलेली असते, आणि ती नोंद पुसण्याची सोय कुठल्याच कार्यालयात नाही.

रेशन दुकानावर मामला उलटा. तिथे दुकानदार समोरच्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो. त्याच्या लग्नात वरण-बट्टी जेवलेला असतो, त्याच्या बापाच्या दहाव्याला नदीवर गेलेला असतो. पण पाच किलो धान्य द्यायचं तर स्वतःच्या ओळखीचा उपयोग शून्य. ई-पॉस यंत्राचं मत घ्यावं लागतं. या यंत्राला सगळे 'मशीन' म्हणतात आणि अंगठ्याला 'थम'. थम लागला, थम लागत नाही, थम द्यायला सून माहेरून आली नाही, अशी रेशनच्या रांगेतली सगळी बोलणी या एका बोटाभोवती फिरतात.

"आबा, थम ठेवा."

आबा ठेवतात. मशीन नाही म्हणतं.

"जरासं दाबीसन ठेवा."

आबा नखाचा रंग पांढरा होईपर्यंत दाबतात. मशीन पुन्हा नाही म्हणतं.

"डोकाले पुसा आन मंग ठेवा."

टोपी काढली जाते, अंगठा केसांतून फिरतो, मागच्या रांगेतून सूचना येतात. कोणी फुंकर मारायला सांगतो, कोणी साबणाने धुवायला, कोणी डाव्या हाताचा ठेवायला. चौथ्यांदा नकार आला की आबांचा संयम सुटतो.

"हाऊ अंगठा मनाच शे! मना हाताले लागेल शे! दखाय नही का?"

दुकानदाराला दिसतं. गावाला दिसतं. मशीनचं मात्र वेगळं मत आहे.

मशीनची बाजूही ऐकायला हवी. त्यातली काच खालून प्रकाश टाकते. बोटावरचे उंच वळ जिथे काचेला टेकतात तिथे तो प्रकाश परत येत नाही, म्हणून ती रेघ काळी दिसते. दोन वळांमधली खोलगट जागा काचेला टेकत नाही, म्हणून ती उजळ दिसते. कातडी कोरडी ठणठणीत असेल तर वळ नीट टेकत नाहीत आणि रेघा तुटक येतात. हात ओला असेल तर खोलगट जागेत पाणी भरतं आणि सगळाच काळा डाग उमटतो. म्हणजे डोक्याला अंगठा पुसायचा सल्ला अडाणीपणाचा नाही. केसातलं तेल कोरड्या कातडीला काचेवर टेकवतं, आणि एखाद्या तज्ज्ञाने सांगितल्यासारखा फरक पडतो. फक्त तेल किती असावं याचं प्रमाण कोणी छापलेलं नाही, त्यामुळे काच दुपारपर्यंत पार तेलकट होते आणि मग दुपारनंतर येणाऱ्यांचे थम आदल्या माणसाच्या तेलात बुडतात.

ठसा मिळाला तरी मशीन त्याचं चित्र चित्र म्हणून बघत नाही. कुठली रेघ कुठे संपते आणि कुठल्या रेघेला कुठे फाटा फुटतो, एवढीच टाचणं ते काढतं: जागा, दिशा, आणखी एक जागा, आणखी एक दिशा. घराघरात आज्ज्यांनी नातवंडांच्या बोटांवरचे शंख आणि चक्रं मोजून किती पोरांना राजयोग वाटून टाकला असेल. मशीनला त्यातलं काही कळत नाही. शंख साठ-पासष्ट टक्के बोटांवर असतात, चक्रं तीसेक टक्क्यांवर. त्यावरून माणूस ओळखायला गेलं तर निम्मा तालुका एकच निघेल. खरी ओळख त्या बारीक फाट्यांत आहे. ते आईच्या पोटात, तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सुमारास बनायला लागतात आणि तिथल्या बारीकसारीक दाबावर अवलंबून असतात. म्हणून जुळ्या भावांचेही ठसे वेगळे. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीचा दाखला यांच्याही आधी मिळालेला हा एकच दाखला, आणि तो मिळवायला कुठल्याही खिडकीपुढे उभं राहावं लागत नाही.

अडचण एवढीच की हा दाखला झिजतो.

शिरपूरच्या आसपास तो झिजवण्याची सोय भरपूर आहे. कपाशीचं बोंड उकललं की त्याच्या वाळक्या पाकळ्यांची टोकं सुयांसारखी होतात, आणि वेचणीला जाणाऱ्या बायांची बोटं दिवाळीपासून पुढे त्यांच्याशी झुंजतात. तापीकाठच्या केळीचा चीक कातडीवर बसला की दिवसेंदिवस निघत नाही. नंदुरबारच्या पथारींवर मिरची खुडणाऱ्या हातांची तर गोष्टच सोडा. तो हात डोळ्यापाशी न्यायचा नाही हे तीन वर्षांचं पोरही जाणतं. वीटभट्टी आहे, सिमेंट आहे, ऊसतोड आहे, राखेने घासलेली भांडी आहेत. या सगळ्या हातांच्या रेघा हळूहळू सपाट होत जातात. ज्याने आयुष्यभर फाइल या टेबलावरून त्या टेबलावर सरकवली, त्याचा अंगठा मात्र निवृत्तीच्या दिवशीही कोऱ्या करकरीत नोटेसारखा असतो. मशीनच्या लेखी संशयित कोण आणि सज्जन कोण, हे इथेच ठरून जातं.

त्यात मशीन 'हो' किंवा 'नाही' असं ठामपणे ओळखतं हाही गैरसमज आहे. ते फक्त गुण देतं. आजचा ठसा नोंदीतल्या ठशाशी किती जुळला, याचे गुण. पास व्हायला किती गुण हवेत, ही रेषा माणसांनी आखलेली असते, आणि ती कुठेही आखली तरी कोणीतरी दुखावतोच. लग्नाच्या पंगतीच्या दारात उभा केलेला माणूस कडक असला तर नवरदेवाचा सख्खा मामा बाहेर राहतो आणि सैल असला तर महामार्गावरचे दोन ट्रक ड्रायव्हर जेवून जातात, तसंच हे. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणणारा माणूस अजून कुठल्याच लग्नात सापडलेला नाही. २०१६-१७ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीने मामा किती बाहेर राहिले त्याचे अंदाज दिले होते: ओळख न पटण्याचं प्रमाण झारखंडमध्ये ४९ टक्क्यांपर्यंत, राजस्थानात ३७, गुजरातेत ६. एकाच देशात, एकाच अंगठ्याची ही तऱ्हा.

ज्यांच्या बोटांवर जन्मतःच काही नाही, अशीही माणसं आहेत. २००७ मध्ये एक स्विस बाई अमेरिकेच्या विमानतळावर उतरली आणि तिथल्या अधिकाऱ्यांना तिचे ठसेच मिळेनात. बोटं होती, वर रेघा नव्हत्या. पुढे तिच्या घराण्यात असे आणखी लोक निघाले, आणि २०११ मध्ये त्यामागचा जनुकही सापडला. डॉक्टरांनी या आजाराला थट्टेने नाव दिलं ते 'इमिग्रेशन डिले डिसीज', म्हणजे विमानतळावर खोळंबा करणारा रोग. त्याला दुसरं फारसं लक्षण नाही. माणूस ठणठणीत असतो, फक्त सरकारपुढे उभा राहिला की आजारी पडतो. कॅपेसिटाबाईन नावाचं कर्करोगावरचं औषध घेणाऱ्या सिंगापूरच्या एका गृहस्थांच्याही बोटांची कातडी सोलवटून रेघा गेल्या होत्या आणि तेही अमेरिकेच्या दारात काही तास अडकले. त्यांच्या डॉक्टरांनी मग वैद्यकीय मासिकात लिहिलं, की अशा रुग्णांनी प्रवासात डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवावं. वेचणीच्या हंगामानंतर असं पत्र द्यायला शिरपूरच्या डॉक्टरांनी सुरुवात केली, तर ओपीडी बंद ठेवावी लागेल.

अंगठ्याची ही सगळी कटकट सुरू केली ती एका रस्त्याच्या ठेकेदाराने, किंवा खरं तर त्याच्यावर विश्वास नसलेल्या साहेबाने. १८५८ मध्ये बंगालातल्या जंगीपूर इथे विल्यम हर्शेल नावाचा अधिकारी रस्त्यासाठी खडी पुरवण्याचा करार करत होता. ठेकेदार राज्यधर कोनाई. ठेकेदार सही करतो आणि पुढे 'ही माझी सहीच नाही' म्हणतो, असा हर्शेलला अनुभव. म्हणून त्याने कोनाईचा अख्खा पंजा शाईत बुडवून कराराच्या मागे उमटवून घेतला. उद्देश शास्त्रीय नव्हता. माणूस घाबरावा, एवढाच होता. रस्त्याचे ठेकेदार आणि त्यांची खडी यांवर तेव्हापासून किती शाई वाहिली, त्याचा हिशोब आजही लागलेला नाही.

फ्रान्समध्ये पुढे वीसेक वर्षांनी बर्टिलाँ नावाचा पोलीस कारकून वेगळ्याच वाटेने निघाला. तो गुन्हेगारांना फूटपट्ट्या लावायचा: डोक्याची लांबी, मधल्या बोटाची लांबी, डाव्या पावलाची, उजव्या कानाची. ही पद्धत हिंदुस्थानातही आली, पण मोजणारा हवालदार बदलला की कैद्याचं डोकं लहान-मोठं व्हायचं. अखेर १८९७ मध्ये कलकत्त्यात जगातलं पहिलं बोटांच्या ठशांचं कार्यालय निघालं. हजारो ठसे पटकन शोधता यावेत म्हणून त्यांची वर्गवारी लावण्याचं किचकट गणित अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन देशी फौजदारांनी सोडवलं. पद्धतीला नाव मिळालं ते त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांचं, आणि हेन्रीसाहेब १९०१ मध्ये ती घेऊन स्कॉटलंड यार्डात गेले. जगभरातल्या बोटांच्या मालकीचा छडा लावणाऱ्या विद्येला स्वतःचे जनक मात्र बरीच वर्षं सापडले नाहीत.

एक गोष्ट हसून सोडून देता येत नाही. ठसे घ्यायला सुरुवात झाली ती संशयाने. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींची नोंद झाली, त्यांना गाव सोडायला परवाना आणि पोलिसांकडे हजेरी लागू झाली. महाराष्ट्रात पारध्यांनी हे पिढ्यान्‌पिढ्या भोगलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला. अंगठा घेताना समोरच्याकडे चोरासारखं बघायची नजर काउंटरवर अजून अधूनमधून दिसते.

कागदावरच्या अंगठ्याची आपल्याकडे वेगळीच शान होती. जुन्या खरेदीखताच्या तळाशी 'नि. डा. अं.' असं लिहिलेलं असतं. निशाणी डावा अंगठा. शेजारी जांभळा डाग, आणि डागाखाली लिहून देणाऱ्याचं नाव, ज्याच्या हस्ते लिहिलं त्याच्या ऐटबाज अक्षरात. मग साक्षरता अभियान आलं. रात्रीच्या वर्गात कंदिलाखाली आज्यांनी पाटीवर स्वतःचं नाव गिरवलं, अंगठाछाप म्हणवून घ्यायची लाज घालवली, बँकेत जाऊन थरथरत्या हाताने सही केली. त्याच आज्यांना आता नातसून सांगते, सही चालत नाही, अंगठा लागतो. डॉक्टर, प्राध्यापक, तहसीलदार, सगळेच काचेवर अंगठा ठेवायला लागले. अख्खा देश एकाच इयत्तेत आला.

कार्यालयांत ही काच आली ती हजेरीसाठी, आणि कर्मचाऱ्यांची कल्पनाशक्ती तिथे खऱ्या अर्थाने फुलली. काचेवर सकाळी पावणेदहाला थम ठेवून चहाला निघून गेलेला माणूस संध्याकाळी सव्वासहाला दुसरा थम ठेवायला येतो, हे तर अगदी प्राथमिक शिक्षण. ब्राझीलमध्ये २०१३ साली साओ पावलोजवळच्या फेराझ दे वास्कोंसेलोस गावात एका डॉक्टरबाईंकडे सिलिकॉनची सहा बोटं सापडली. ती सहकाऱ्यांची होती. गैरहजर मंडळींची हजेरी लावायचं सामाजिक कार्य त्या करत होत्या. त्याही आधी, २००२ मध्ये, योकोहामाच्या त्सुतोमु मात्सुमोतो या प्राध्यापकाने जिलेटिनचं बोट बनवून त्या काळच्या कितीतरी यंत्रांना फसवून दाखवलं होतं. जिलेटिन म्हणजे ज्याच्यापासून जेली आणि चघळायच्या गोळ्या बनतात ते. म्हणजे चोरी झाल्यावर पुरावा खाऊन टाकायचीही सोय होती.

आपल्याकडे हा उद्योग जरा जास्त कमाईचा निघाला. तेलंगणात २०१८ मध्ये एका माणसाने जमिनींच्या नोंदणी दस्तांवरचे अंगठ्यांचे ठसे उतरवले, त्यांचे रबरी ठसे बनवले आणि त्यांच्यावर हजारो सिम कार्डं सुरू केली. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा चोरीला गेला तर दुसरा अंगठा वापरावा, मग तर्जनी, मग मधलं बोट, असे एकूण दहा प्रयत्न निसर्गाने दिले आहेत. आधारमध्ये बोटांना कुलूप लावायची सोय आहे, पण ज्यांच्या बँक खात्यातून अशा नकली अंगठ्यावर पैसे जातात त्यांना कुलूप आहे हे बहुधा पैसे गेल्यावर कळतं.

ओळखीच्या या धंद्यात माणसांपेक्षा जनावरं शहाणी निघाली. शहादा तालुक्यातल्याच सारंगखेड्याला दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. तिथला जाणता गिऱ्हाईक घोड्याचे दात नंतर बघतो, आधी अंगावरचे केसांचे भोवरे बघतो. कुठला भोवरा शुभ, कुठला धन्याला खाणारा, गळ्यावर देवमण नावाचा भोवरा असला तर किंमत किती चढवायची, याचं शास्त्र त्या बाजारात तोंडपाठ असतं. आता हे शुभाशुभ कोणी मानो न मानो, भोवऱ्यावरून घोडा ओळखणं मात्र जगभर चालतं. शर्यतीच्या घोड्यांच्या पासपोर्टवर घोड्याचं रेखाचित्र असतं आणि त्यावर प्रत्येक भोवऱ्याच्या जागी फुली मारलेली असते. घोड्याला त्यासाठी रांगेत उभं राहावं लागत नाही, आणि 'भोवरा येत नाही' म्हणून चंदी बंद झाल्याचं ऐकिवात नाही. गायी-म्हशींच्या कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला आला आहे. बारा आकडे, म्हणजे मालकाला जेवढे तेवढेच तिलाही. गायीच्या नाकपुडीवरच्या रेघाही माणसाच्या अंगठ्यासारख्या एकमेवाद्वितीय असतात, हे शास्त्रज्ञांना शंभर वर्षं ठाऊक आहे. म्हणजे उद्या दूध संघाच्या काट्यावर कपिलेलाही नाक ठेवायला सांगतील, आणि ती नाक मुरडणार यात शंका नाही.

अंगठा फारच रुसायला लागला म्हणून डोळा पुढे आला. बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यात जी वीण असते ती अंगठ्यापेक्षा गुंतागुंतीची, आणि पापण्या व पारपटल यांच्या आड असल्यामुळे झिजत नाही. केंब्रिजच्या जॉन डॉगमन यांनी तिचं गणित बसवलं. डोळ्याच्या विणीचे २,०४८ शून्य-एक करायचे, आणि दोन डोळ्यांचे आकडे शेजारी ठेवून किती जागी फरक पडतो ते मोजायचं. परक्या माणसांच्या डोळ्यांत जवळजवळ निम्म्या जागी फरक पडतो, नाणेफेकीसारखा. डॉगमन यांनीच 'नॅशनल जिओग्राफिक'च्या मुखपृष्ठावरच्या हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा शोध पक्का केला. फोटो १९८४ चा, बाई सापडली २००२ मध्ये. तिचं वय वाढलं होतं, चेहरा सुकला होता, डोळ्यांची वीण जशीच्या तशी होती. रेशन दुकानांत डोळ्याची यंत्रं येऊ लागली आहेत. फक्त दुर्बिणीसारखा तो डबा डोळ्यांना लावल्यावर आबांना आत काहीतरी दिसेल अशी आशा असते. "आतमा काहीच नही," असं ते तक्रारीच्या सुरात सांगतात, आणि मागचे लोक हसतात.

चेहऱ्याची गोष्ट निराळी. चेहरा जुळवायचा तो आधारवरच्या फोटोशी, आणि आधारवरचा फोटो ही भारतातली स्वतंत्र चित्रशैली आहे. मागे पांढरी चादर, वर ट्यूबलाइट, समोर खुर्ची सरकवायला सांगणारा ऑपरेटर, आणि मध्ये नुकतीच अटक झाल्यासारखा नागरिक. सख्ख्या आईला ओळखू न येणारा हा चेहरा मोबाइलने दहा वर्षांनी ओळखावा अशी अपेक्षा असते. हुशार लोकांनी त्यावर उपाय काढला आहे. ओळख पटवताना तेव्हासारखाच घाबरलेला चेहरा करायचा. ज्यांना अजून बँकेचा हप्ता भरायचा आहे त्यांना तो सहज जमतो.

यंत्राला चेहरा ओळखता आला तरी चेहरा कशावर आहे हे कळेलच असं नाही. चीनमधल्या निंगबो शहरात २०१८ मध्ये कॅमेऱ्याने एक प्रसिद्ध उद्योजिका, दोंग मिंगझू, लाल दिवा असताना रस्ता ओलांडताना पकडल्या आणि चौकातल्या पडद्यावर त्यांचं नाव झळकवलं. बाई तिथे नव्हत्याच. चौकातून जाणाऱ्या बसवर त्यांची जाहिरात होती. हाच कॅमेरा करवंद नाक्यावर लावला तर निवडणुकीच्या महिन्यात शिरपूरचे सगळे पुढारी दिवसातून दोनशे वेळा दंड भरतील, कारण तेव्हा एकही रिक्षा बिनचेहऱ्याची फिरत नाही.

यावर कोर्टकचेरी झाली नाही असं नाही. कर्नाटकचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी वयाच्या ऐंशीच्या पुढे या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात गेले. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात चार विरुद्ध एक अशा मतांनी आधार टिकलं. मोबाइल आणि बँक खात्याची सक्ती गेली. वेगळं मत नोंदवणारे एकटे होते न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, आणि बोट जुळलं नाही म्हणून धान्य नाकारलं जाण्याचा मुद्दा त्यांनी लावून धरला. निकाल हजाराहून अधिक पानांचा आहे. रेशनच्या रांगेत तो वाचायला घेतला तर पाळी येईपर्यंत वाचून होऊ शकेल.

आता राहिला नोव्हेंबर. पेन्शनरांना दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं सरकारला सांगावं लागतं. याला हयातीचा दाखला म्हणतात. पूर्वी त्यासाठी पेन्शनर बँकेत जायचे, मॅनेजरपुढे उभे राहायचे, आणि मॅनेजर त्यांच्याकडे न बघता सही करायचा. २०१४ पासून 'जीवन प्रमाण' आलं, अंगठ्यावर. मग म्हाताऱ्यांचे अंगठे येईनात म्हणून २०२१ पासून चेहऱ्यावर. आता घरबसल्या मोबाइलने होतं. फक्त समोर फोटो धरून कोणी फसवू नये, म्हणून ॲप पापण्या हलवायला लावतं. फोटो डोळे मिचकावत नाही, आणि मेलेला माणूसही मिचकावत नाही, असा त्यामागचा विचार.

शिरपूरच्या एका कॉलनीत सेवानिवृत्त मुख्याध्यापक ओट्यावर ताठ बसतात. नातू मोबाइल धरतो. गुरुजी कॅमेऱ्याकडे तसेच बघतात, जसे पस्तीस वर्षं शेवटच्या बाकाकडे बघत आले: निश्चल, पापणी न लवता. ॲप वाट बघतं. वेळ संपते.

"आबा, डोळे मिचकाडा ना."

"कोनाकडे?"

"कोनाकडेच नही, मोबाइलकडे."

"या वयात?" आबा म्हणतात आणि आत स्वयंपाकघराकडे एकदा बघून घेतात. मग नाइलाजाने एक डोळा मिटतात. ॲपला दोन्ही डोळे हवे असतात. तिसऱ्या खेपेला, खळखळून हसू आल्यामुळे, दोन्ही डोळे एकदाचे मिटतात आणि उघडतात. पडद्यावर हिरवी खूण उमटते, आबा हयात ठरतात, आणि आतून आजी विचारतात की हा आवाज कसला, चहा टाकायचा आहे की नाही.